त्याच लॉटमधली गाठ

पिपरी मेघे, वर्धा
१७ जून २००७

श्री. कैलासराव यांस,

फोनवर तुम्ही म्हणालात, "जे सांगाचं असंल थे लिहून पाठव. तोंडी बोलली का तू वर्ग घेत राह्यते." बरं. वर्ग घेण्याचाच मला पगार मिळतो, तरी लिहिते. लिहिलेलं मध्येच कट करता येत नाही. सासूबाईंना फोन उचलून "तो कापसाच्या जिनिंगवर गेला" असं सांगून टाकताही येत नाही. सिंदी इथून रेल्वेनं तासाभराच्या आत, आणि लग्नाच्या नवऱ्याला पोस्टाचं तिकीट चिकटवून बोलायचं, अशी आपली तऱ्हा झाली आहे.

तुमच्या ओळखीच्या रुईच्या दलालानं तुम्हाला स्टेम सेलच्या त्या सेंटरचं नाव दिलं, आणि तुम्ही तिथे जाऊनही आलात. कुणाच्या तरी कंबरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूलपेशी वाढवायच्या, त्या अपेक्षाला टोचायच्या, की आपली पोरगी पुन्हा चालेल, असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं म्हणता. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानात खो-खो खेळणारी आपली पोरगी आज जिन्यात अर्ध्यावर बसते, पापण्या बोटांनी वर धरून पुस्तक वाचते. तिचे पाय परत मिळत असतील तर मला काय नको आहे? पण मगज मी द्यायचा, हा तुमचा हट्ट मला समजत नाही.

म्हणजे समजतो. मार्चमध्ये हैदराबादहून अपेक्षाच्या तपासणीचा रिपोर्ट आला, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, की दोष मायटोकॉन्ड्रियात आहे. पेशीतले हे बारीक कण अन्नाची ताकद करतात, आणि ते फक्त आईकडून येतात. तासाभराच्या त्या बोलण्यातलं 'फक्त आईकडून' एवढंच सासूबाईंनी उचललं. माझ्या बारावीच्या पोरांना ते पाठ व्हायला आठवडा लागतो, त्यांना एका दमात झालं. तेव्हापासून त्या घरात भाजी खारट झाली तरी ती माझ्याकडूनच आलेली असते. मी अपेक्षाला घेऊन इथे कॉलेजजवळ खोली केली ती त्याचमुळे. जाण्यायेण्याची दगदग हे सांगायचं कारण होतं.

आणि तुम्ही धंद्याचा नियम सांगितलात. "आमच्यात रुईची गाठ खराब निघाली त ज्याची गाठ त्यानंच बदलून द्याची. दोष तुह्याकडून आला, त तूच भरून दे." कैलासराव, बदलून द्यायची गाठ दुसऱ्या लॉटमधली असावी लागते, हे तुम्हाला मी सांगायचं? माझ्याकडे दुसरा लॉट नाही. मी देईन ती गाठ त्याच कापसाची. माझ्या पेशींत तेच बिघडलेले कण आहेत. माझ्यात थोडे, तिच्यात फार, म्हणून मी चालते आणि ती बसते. तुमचे कण तुमच्या आईचे. सासूबाई सत्तरीत भरली घागर उचलतात, म्हणजे माल खणखणीत आहे. जन्माच्या वेळी तो तुम्ही पोरीला देऊ शकला नाहीत, कारण बापाचे कण पुढे जातच नाहीत. आता द्यायची सोय झाली आहे असं तुमचंच सेंटर म्हणतं. मग तुम्ही द्या.

मला त्या सेंटरचा भरवसा नाही, हेही लिहून ठेवते. पण तुम्हाला आहे. ज्याला भरवसा आहे त्यानं कंबर पुढे करावी.

ज्योत्स्ना


पिपरी मेघे
५ ऑगस्ट २००७

श्री. कैलासराव यांस,

माझ्या पत्राचं उत्तर तुम्ही सिंदीला बोलावून दिलंत, आणि तेही सासूबाईंच्या तोंडून. तुम्ही सोफ्यावर होता, रिमोट हातात. मी तुम्हाला विचारत होते आणि उत्तरं त्या देत होत्या.

"लेकरू तुह्या पोटचं हाय, द्याचं बी तूच. बापाच्या कंबरेत सुया टोचता का? त्याले अजून पोरगं व्हाचं हाय."

मी विचारलं, "कुणाच्या पोटातून?" माझं ऑपरेशन होऊन गर्भपिशवी गेली, ते सगळ्या घराला ठाऊक आहे. दवाखान्यात डबा तुम्हीच आणत होता. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. बातम्यांत कापसाचा भाव चालला होता, तेव्हा महत्त्वाचंच असेल.

मग सासूबाई म्हणाल्या, "मायनं किडनी देल्याचं आयकलं हाय, लिव्हर देल्याचं आयकलं हाय. मायनं कारण सांगतल्याचं पह्यल्यांदा आयकून राह्यली." ह्यावर मात्र तुम्ही मान हलवलीत. मी रिपोर्ट काढून पुन्हा समजावायला लागले, तर तुम्ही उठून आत गेलात. माझ्याकडचं खरं कारण त्या घरात बहाणा ठरलं, आणि तुमच्याकडे कारणच नव्हतं तरी तुम्हाला कुणी विचारलं नाही.

अपेक्षा आतल्या खोलीत होती. सगळं ऐकलं तिनं. परतताना गाडीत सेलू स्टेशन गेल्यावर म्हणाली, "आई, दुखते म्हणून तू नाई म्हणून राह्यली का?"

म्हणून मी हो म्हणते आहे. तिच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. तुमच्यासाठी हो म्हणत नाही, विज्ञानासाठी तर मुळीच नाही. माझ्या मगजानं काही होणार नाही हे मला माहीत आहे, तरी देणार आहे, कारण माझ्या पोरीला वाटतं मी सुईला भिते. तारीख ठरवा आणि कळवा.

ज्योत्स्ना


पवनार
भाऊबीज, २००७

श्री. कैलासराव यांस,

दिवाळीला आईकडे आलो आहोत. तुम्ही पाठवलेलं पाकीट इथेच मिळालं. प्रयोगशाळेच्या थाळीतल्या माझ्या मूलपेशींचे फोटो पाहिले. सेंटरवाल्यांनी रंगीत काढून दिलेत, लग्नाच्या अल्बमसारखे. "थाळीत गच्च वाढल्या, डॉक्टर म्हणते असं पीक क्वचित येते," असं तुम्ही फोटोच्या पाठीमागे लिहिलंत. तुमच्या हातची ओळ कितीतरी वर्षांनी वाचली. जिनिंगवर पेढे वाटल्याचंही कळलं.

कंबरेत सुई जाताना मी पालथी होते आणि तुम्ही बाहेर मोबाईलवर सौदा करत होता, ते सोडून देते. आठवडाभर खुर्चीवर बसून शिकवलं, तेही सोडून देते. पण पेढे वाटलेत म्हणून एकदा नीट सांगते, मग पुन्हा सांगणार नाही.

मूलपेशी वाढते आहे तोवर तिला त्या कणांची फारशी गरजच नसते. तिचं पोट साखरेवर भागतं, हवेवाचूनही. कण असतात, पण थोडके, आखूड, केंद्रकाभोवती अंग चोरून बसलेले. कामाला लागलेले नसतातच. म्हणून बिघडलेल्या कणांची पेशीही थाळीत झरझर वाढते, दोष दिसत नाही. खरी वेळ येते ती पुढे, ती पेशी स्नायू व्हायला निघते तेव्हा. तेव्हा हे कण शेकड्यांनी वाढावे लागतात, लांब व्हावे लागतात, पेशीभर जाळं धरावं लागतं, कारण स्नायू त्यांच्याच ताकदीवर आखडतो. तिथे माझी पेशी अडेल. जिथे अपेक्षाची अडली तिथेच.

तुमच्या भाषेत सांगू? सरकी ओल्या फडक्यात बांधली की कुठलीही उगवते. बोंड धरते की नाही ते वावरात कळतं. तुम्ही फडकं उघडून पेढे वाटलेत.

इथे मी आईला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. इतके दिवस टाळत होते. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "म्हंजे थे माह्याकडून आलं?" मी म्हटलं, तुझ्याकडे तुझ्या आईकडून, तिच्याकडे तिच्या आईकडून, यात कुणाचा काय दोष. तिनं सोललेले दाणे टोपलीत टाकले. मग म्हणाली, "माह्या मायले समदे आळशी म्हणत. वावरात जाताना ती बांधावर बसून राहे. आम्ही लेकरं बी म्हणत होतो." तेवढं बोलून ती टोपली तशीच टाकून आत गेली आणि जेवायलाही आली नाही. तुमच्या घरात हे कळलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या आईनं कुणाकडे पाहिलं नाही.

अपेक्षा तुम्ही पाठवलेले फोटो उशाशी घेऊन झोपते. मला विचारत होती, ह्यातली कोणती पेशी तिच्या पायात जाईल. मी एकीवर बोट ठेवलं.

ज्योत्स्ना


पिपरी मेघे
२४ फेब्रुवारी २००८

श्री. कैलासराव यांस,

दोन्ही डोस होऊन गेले. पहिल्या डोसानंतर अपेक्षा दाराची चौकट धरून उभी राहिली, तेव्हा तुम्ही इथे होता. रडलात. मी तुम्हाला रडताना पाहिलं आणि मला बरं वाटलं, हे कबूल करते. त्या एका दुपारी मला माझं सगळं शास्त्र खोटं पडायला हवं होतं.

आता ती उभी राहत नाही. संक्रांतीनंतर चाकाची खुर्ची आणली. तुम्हाला कळवलं नव्हतं, कारण तुम्ही सिंदीभर सांगून बसला होता की पोरगी उभी झाली. तेव्हा ती जिद्दीनं उभी राहिली होती, बाप समोर होता म्हणून. पेशींनी काही केलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर दोन दिवस झोपून होती.

सेंटरवाले आता म्हणतात, आईच्या पेशी रुजल्या नाहीत, दुसरा डोनर बघा, वडील असतील तर उत्तम. जूनमध्ये मी हेच म्हणत होते. त्यांनी म्हटलं की सल्ला, मी म्हटलं की बहाणा.

पण भांडायला लिहीत नाही. एक लेख वाचला, तो सांगायला लिहिते आहे. परदेशात कुणी थाळीत असं पाहिलं, की ज्या पेशींचे कण निकामी झालेत त्यांच्याशेजारी धडधाकट मूलपेशी ठेवल्या, तर त्या आपले कण शेजारणीला देतात. शेजारघरी विस्तव द्यावा तसे. आणि ती मरू घातलेली पेशी पुन्हा श्वास घ्यायला लागते. हे थाळीतलं आहे, माणसातलं नाही. मी खात्री देत नाही. पण असं होणार असेल तर ते तुमच्या पेशींनी होईल, माझ्या नाही. माझ्याकडे द्यायला विस्तवच नाही.

मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. आता मागते आहे. द्या. दुखतं, पण आठवड्यानं थांबतं. पुढे पोरगं व्हायला त्याची काही आडकाठी येत नाही, हेही सासूबाईंना सांगा. मी लिहून देते हवं तर.

ज्योत्स्ना


पिपरी मेघे
२० एप्रिल २००८

श्री. कैलासराव यांस,

"सीझन संपू दे, एप्रिलमध्ये देतो," असं तुम्हीच म्हणालात. अपेक्षानं ते फोनला कान लावून ऐकलं. तुम्ही सांगितलेल्या दिवशी आम्ही सेंटरवर जाऊन बसलो. तिनं तिचा गुलाबी ड्रेस घातला होता, जणू तुमचंच लग्न आहे.

तुमचा मोबाईल बंद. दुपारी सिंदीला घरी लावला तर सासूबाई. "त्याचं मन नाई होत, बाई. पोराच्या मनाविरुद्ध मी कशी पाठवू?" बेचाळीस वर्षांच्या पोराच्या. संध्याकाळी तिथल्या आयानं लाइट बंद करायला घेतले तेव्हा आम्ही निघालो.

मला वाटलं घाबरला असाल. सुईला भिणारे पुरुष मी पाहिलेत, त्यात काही लाज नाही. मी तर मनात तुमची बाजूही घेऊन टाकली होती. पण काल बाजारात तुमच्या अडतीवरचे नत्थूजी भेटले. पोरीचं विचारलं आणि आपणहून म्हणाले, "मले वाटलं तुमाले माहीत असंल, वहिनी. कैलासभाऊ त त्या दिवशी हिंगणघाटले पोरगी पाह्यले गेलते."

म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मीच त्यांना म्हटलं, असू द्या.

अपेक्षाला मी सांगितलं आहे, की तुमचं ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं म्हणून डॉक्टरांनीच तुम्हाला नको म्हटलं. असं बापासाठी खोटं बोलावं लागणं हेही आईकडूनच येतं, असं धरून चाला. तिच्याशी बोलाल तर तेच सांगा. तेवढं तरी नीट करा.

ज्योत्स्ना


पिपरी मेघे
१४ सप्टेंबर २००८

श्री. कैलासराव यांस,

तुमच्या वकिलाचे घटस्फोटाचे कागद मिळाले. सही करून सोबत पाठवते आहे. आणखी एक गोष्ट कळवायची आहे. ती कळवावी की नाही, ह्यावर मी महिना घालवला, कारण ती वाचून तुम्हाला हलकं वाटेल आणि ते मला नको होतं. स्पष्टच लिहिते.

ऑगस्टमध्ये अपेक्षाला मुंबईला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सेंटरची सगळी फाइल पाहिली. फोटोंचं पाकीट तर उघडलंच नाही. म्हणाल्या, ह्या आजारावर असल्या उपचाराला काहीही आधार नाही. शिरेतून टोचलेल्या पेशी बहुतेक फुप्फुसातच अडकतात आणि तिथेच संपतात, स्नायूपर्यंत पोचतच नाहीत. मी विचारलं, माझ्याऐवजी वडिलांच्या असत्या तर? त्या म्हणाल्या, "कुणाच्याही असत्या तरी हेच." थाळीतलं माणसात आणायची घाई तुमच्याइतकी मीही केली, असा त्याचा अर्थ.

तेव्हा कैलासराव, तुम्ही न आल्यानं अपेक्षाचं काही बिघडलं नाही. तुम्ही आला असता तरी ती चालली नसती. हे सत्य आहे, आणि मी ते माझ्याजवळ दाबून ठेवायला निघाले होते. शास्त्र शिकवणाऱ्या बाईला ते शोभलं नसतं, म्हणून लिहिलं.

घरी आल्यावर अपेक्षालाही सांगितलं. तिच्या मनात बापाबद्दल अढी राहू नये म्हणून सांगितलं. म्हटलं, बाबांच्या ब्लड प्रेशरचं वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांनी दिलं असतं तरी उपयोग नव्हता. ती म्हणाली, "आई, बीपीचं तू बनवून सांगतलं होतं. सिंदीच्या आजीनं मले कवाचंच सांगतलं हिंगणघाटचं. मोठ्या खुशीत सांगत होती." मग तीच म्हणाली, "जाऊ दे. बाबामुळं काही बिघडलं नाई, बरं झालं." तिचा चेहरा खरंच मोकळा दिसला. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिची वेणी घालत होते. मान सावरत नाही आता तिची, मधून मधून एका हातानं हनुवटी धरावी लागते. ती सहज विचारावं तसं म्हणाली, "पण आई, एप्रिलमध्ये त्यायले हे माहीत नोतं ना? त्यायले त वाटत होतं का त्यायनं देलं त मी चालीन."

ह्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर मला पाठवू नका, तिलाच येऊन सांगा. ती घरीच असते.

ज्योत्स्ना